चिटणिसांच्या पानातली सापसुरळी

अन्याय झाला तो हौसाबाई शेडगे यांच्यावर. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सोमवार, संध्याकाळचे साडेसात. मुळशीच्या तलावाकाठी विद्यार्थ्यांचं एक वसतिगृह आहे, त्याच्या समितीचं वार्षिक जेवण चाललं होतं. पानात भात पडला, भातावर आमटीचा पहिला डाव पडला, आणि चिटणिसांनी कालवण्यासाठी बोटं खुपसून भात तळापासून उकरला. बोटांना शेपूट लागलं. आठ वाजायच्या आत, सात वर्षं तिथली चूल सांभाळलेली बाई 'विषारी प्राणी खाऊ घालणारी' ठरून कुंपणाबाहेर उभी होती.

तिथी-वार मी मुद्दाम लिहिते आहे, कारण समितीच्या ठरावातही ते आहेत. हजर सभासदांची नावं आहेत. चिटणिसांच्या मळमळीला सहा ओळी दिल्या आहेत. हौसाबाईंना काय विचारलं आणि त्या काय म्हणाल्या, याला एकही ओळ नाही. विचारलंच नव्हतं, तर लिहिणार काय?

आमचं मंडळ म्हणजे पुण्यातल्या एका जिन्याखालच्या खोलीत जमणारी सात माणसं. अन्याय दिसला की आम्ही पत्रक काढतो. हाही दिसला. अध्यक्ष चाळीस मिनिटं विज्ञानावर बोलले आणि ठरलं, की सापसुरळी निर्विष असते हे छायाचित्रासह सिद्ध करायचं, म्हणजे आरोपाचा पायाच उखडला. टाळ्या पडल्या. इतक्यात भिंतीवरची पाल चुकचुकली आणि अध्यक्षांच्या बोटांनी आपण होऊन टेबलावर टकटक केली. इतिवृत्तात ते कुणी घेतलं नाही.

फोटो काढायला मला पाठवलं, कारण कॅमेरा माझ्या मामांचा होता.

कॅमेरा कसला, काळी पेटी. एका रिळात बारा फोटो. सहा फुटांच्या आतलं तिला काही दिसत नाही, आणि सापसुरळी तर शेपटीसकट वीतभर. बुधवार पेठेतल्या एका फोटोवाल्यांनी तोड सांगितली. चाळशीची एक काच भिंगापुढे चिकटवायची, पेटीला दोरा बांधायचा आणि एक वीत चार बोटांवर गाठ मारायची. "गाठ जनावराच्या नाकाला टेकली की दोरा सोडा आणि खटका दाबा. गाठ इकडेतिकडे झाली की धुकं." मी विचारलं, "दोरा नाकापर्यंत धरायचा कुणी?" ते म्हणाले, "जनावराला विचारा."

तलावाकाठी

भूगाव, पिरंगूट, पौड ही सगळी एस. टी.च्या खिडकीतून गेली; त्यांच्याविषयी लिहिण्याइतकी मी शुद्धीवर नव्हते. गाडी लागते मला. पौडच्या पुढे फाट्यावर उतरून पाण्याच्या कडेनं चालू लागले तेव्हा बरं वाटलं. खाचरं कापून झाली होती, खळ्यांवर मळणी चालली होती आणि आंबेमोहराच्या पेंढ्याला असा वास होता की उपाशी माणसानं पेंढाच खावा. डावीकडे तलाव. ह्या पाण्यावर वीज होते आणि मुंबईला जाते. तारा गावाच्या डोक्यावरून जातात, गावात उतरत नाहीत. गावात कंदील. मुंबईत रस्त्यावर पडलेली टाचणी दिसावी एवढा उजेड, आणि ज्यांच्या पाण्याचा तो उजेड त्यांना आपल्या पानात काय पडलं ते दिसू नये. माझं हे वाक्य चालता चालता पत्रकासाठी तयार झालं, आणि मी खूश होऊन शेणात पाय दिला.

हौसाबाई अंगण सारवत होत्या. चाळिशी उलटलेली बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात त्या आणि सासरे तात्या. मी पुण्याहून फोटो काढायला आले आहे म्हटल्यावर त्यांनी हात धुतले आणि पदर सारखा केला.

"माजा फोटू?"

"नाही. सापसुरळीचा."

त्यांनी ओट्यावरच्या तात्यांकडे पाहिलं. "ऐकलं का, मामंजी? पुन्याहून बाय आलीया. माज्यापाई न्हाई, सापसुरळीपाई."

"तिला बी कुनी काडून टाकलं व्हय?" तात्या म्हणाले.

मी माझं भाषण केलं. सापसुरळी ही सरड्या-पालींची नातलग, तिला विषाची ग्रंथी नाही, लोक म्हणतात तशी ती चाटून कुणाला मारत नाही, आणि हे आम्ही गावोगाव सांगणार आहोत. हौसाबाईंनी ते सगळं, दारावर आलेल्या बोहारणीचं ऐकावं तसं, शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"इखारी हाय," त्या म्हणाल्या.

"अहो, शास्त्र सांगतं—"

"बरं, न्हाई इखारी. मग? माज्या आमटीत पडली व्हती, असं तू बी म्हनतीस न्हवं?"

"पडली असेल, पण त्यानं काही—"

"पडली न्हाई!" अख्ख्या वाडीला ऐकू गेलं असेल. "भगुनं खाली उतरलं की मी वर ताट ठिवती. ताटावर वरवंटा ठिवती. मांजराचा बा आला तरी हालत न्हाई. सात वर्सं, दोन टायमाला. वाढाया घेतलं तवाच ताट निघालं, आन डाव माज्या हातात व्हता. तुमचा कागद काय म्हननार? हौसाबाईच्या आमटीत सापसुरळी व्हती, पर ग्वाड व्हती. तेचं मी काय करू, बाय?"

मी भूक लागल्याचं सांगितलं.

नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं कालवण होतं. हुलगे घोड्यांना घालतात अशी आमच्याकडे समजूत आहे. घोडे सुखी आहेत. कालवणाच्या पातेल्यावर ताट होतं आणि ताटावर वरवंटा. घरात जेवणारी तीन माणसं, मांजर नाही, तरी वरवंटा. आमच्या घरी पुण्यात झाकण म्हणजे हाताला लागेल ती बशी, आणि तीही आई आठवण करील तेव्हा.

दुसरा दिवस

सकाळी उठून बाहेर आले तर तात्या आनंदानं उभे होते. ओट्यावर केळीचं पान, पानावर तीन सापसुरळ्या शिस्तीत मांडलेल्या. तिघी मेलेल्या.

"घे काडून," तात्या म्हणाले. "आता हालत न्हाईत."

निर्विष जिवांवरचा गैरसमज दूर करण्याच्या मोहिमेत पहिल्या चोवीस तासांत तीन निर्विष जीव गेले होते. मी म्हटलं, "तात्या, जिवंत हव्या होत्या हो!" त्यांना राग आला. "तसं म्हनाली न्हाईस. काठी मारल्यावर आमाला काय सांगतीस!" मग त्यांनी पान उचलून बाजूला ठेवलं. "जित्ती पायजे तर उनात चल. थंडीची ती बी म्हातारीच असती. उन खाल्ल्याबिगर पाय उचलत न्हाई."

हे कुठल्या पुस्तकात मला मिळालं नव्हतं. बांधाच्या दगडांवर ऊन आलं आणि एकेक फटीतून त्या बाहेर येऊ लागल्या. तांब्याला चिंच लावून नुकता घासावा तसा पाठीचा रंग, आणि चपटं होऊन दगडाला असं बिलगणं की ऊन पाठीतून आणि ऊब पोटातून. पंधरा-वीस मिनिटं त्या खरोखरच हलत नाहीत. तेवढ्यात काम उरकायचं. तात्यांनी दोऱ्याचं टोक बाजरीच्या वाळक्या धाटाला बांधलं आणि ते धाट हळूहळू पुढे करत गाठ नेमकी सापसुरळीच्या नाकाशी नेली. आयुष्यभर बगळ्याच्या पावलानं गुरं वळलेला माणूस; त्याच्या हाताला घाईच माहीत नाही. गाठ टेकली की "हं" म्हणायचे. त्या 'हं'वर मी खटका दाबायची. गंमत अशी की त्या 'हं'नेच सापसुरळी पळायची.

पाच फोटो असे झाले. एक बांधावरच्या सरड्याचा. तो प्रत्येक प्रश्नाला मान डोलवत होता, समितीत घ्यावा असा. एक तात्यांचा, काठीसकट. दोरा धरल्याबद्दल त्यांनी तेवढंच मागितलं.

मग मंडळाला हवा होता तो फोटो, म्हणजे माणसाच्या हातावरची जिवंत सापसुरळी. हात माझा. तात्यांनी फडक्यात धरून ती माझ्या तळव्यावर सोडली आणि हौसाबाईंनी, शिकवल्याप्रमाणे, खटक्यावर बोट ठेवलं. सापसुरळी निर्विष आहे हे मला पाठ होतं. माझ्या बाहीला पाठ नव्हतं. ती कोपराच्या वर गेली तेव्हा मी जी किंचाळले, त्यानं खळ्यांवरची मळणी थांबली आणि माणसं काठ्या घेऊन धावत आली. त्या फोटोत आभाळ आलं आहे. दुसऱ्या खेपेला हौसाबाई हसत होत्या म्हणून नुसतं अंगण आलं.

"चाटलं का?" जमलेल्यांतल्या एकानं विचारलं.

"चाटलं न्हाई," हौसाबाई म्हणाल्या. "शास्त्र विचारून गेली."

तिसरा दिवस

तीन फोटो उरले होते. त्यांतले दोन सकाळच्या उन्हात बांधावर गेले. शेवटच्याच्या वेळी हौसाबाईंनी मला थांबवलं.

"तेनी ठरावात काय लिवलंय ते वाच परत."

मी वाचलं. 'सदर प्राणी भगुण्याच्या कडेने वर चढून झाकणाखाली शिरला असावा.'

त्या आत गेल्या आणि घरचं भगुणं घेऊन आल्या. कल्हईवाला आठवड्यापूर्वीच येऊन गेला होता, आतून आरसा. "सोड हिच्यात. चढती का बगू."

तात्यांनी सोडली. पाव तास आम्ही तिघं भगुण्यात डोकं घालून बसलो. सापसुरळी कडेला चार पावलं घ्यायची आणि घसरून तळाशी यायची. पुन्हा चार पावलं, पुन्हा तळाशी. दगडावरून पाण्यासारखी जाणारी ती, कल्हईवर तिला नख टेकवता येईना. "हे थंड भगुनं," हौसाबाई म्हणाल्या. "माजं चुलीवरनं उतरलेलं. पाल असती तर गोष्ट येगळी. पाल आड्याला उलटी चालती. ही उलटी चालती का? आन दिवं लागल्यावर ही बिळाबाहीर तरी असती का? कालपासनं बगतीयास न्हवं?"

बघत होते. दोन दिवस मी तिचे डोळे, खवले, नाक बघत होते. ही कुठे चढते, कधी झोपते, हे नाही.

भगुणं उन्हाकडे कलतं केलं. हौसाबाईंनी एका हातानं ते तोललं. दुसऱ्या हातात ताट धरलं, फोटो झाला की लगेच झाकायला. त्यांची सवय. दोरा, गाठ, 'हं' आणि खटका. बारावा फोटो. ह्या वेळी सापसुरळी पळाली नाही, कारण पळायला जागाच नव्हती. मग तात्यांनी तिला बांधावर नेऊन सोडलं.

जेवायला बसलो. पाहुणीला पत्रावळ हवी म्हणून हौसाबाईंनी पडवीतला एक गठ्ठा ओढला. पळसाच्या जुन्या, काळ्या पडलेल्या पत्रावळी. वसतिगृहातून बाहेर टाकलेला तो गठ्ठा तात्यांनी चूल पेटवायला उचलून आणला होता. "ह्याच का त्या रात्रीच्या?" मी सहज विचारलं.

"ह्याच. मागल्या वर्सी उरल्या, वर्सभर लाकडाच्या ढिगाशेजारी पडल्या व्हत्या. चिटनीस म्हनलं, ह्याच वापरा. पोरांना तेंच्या थाळ्या, समितीला पत्रावळी."

बोलता बोलता त्यांनी वरची पत्रावळ उचलली, झटकली आणि माझ्यापुढे टाकली. पानांच्या दुमडीतून एक सापसुरळी निघाली, थंडीनं जडावलेली, पत्रावळीच्या मधोमध आली आणि तिथेच बसली. भात वाढायचा असतो बरोबर त्या जागी.

भाताचं उलथनं हौसाबाईंच्या हातात तसंच.

आधी भात पडला होता, मग आमटी. आमटीतून आली असती तर भाताच्या वर असती. चिटणिसांना ती तळाशी लागली. ठरावात त्यांचंच वाक्य आहे, 'भात उकरता तळाशी'. मी ते तीनदा वाचलं होतं. हौसाबाईंना वाचता येत नाही. आमच्यात शिकलेली मी.

"काड फोटू," त्या हळूच म्हणाल्या. "काड की, बाय. हाच तर पायजे."

पेटीत रीळ संपलं होतं.

सापसुरळी थोडा वेळ बसली, मग आपल्या वाटेनं गेली.

पुण्यात

रीळ धुऊन आलं. दुसऱ्या दिवशी दवात भिजून सुटलेली गाठ मी अंदाजानं पुन्हा बांधली होती. तेव्हापासूनचं सगळं धुकं. एका फोटोत नुसता दगड. तात्यांचा भिंगापुढची काच काढून लांबून घेतला होता, तो बरा आला आहे, काठी तर फारच. पण शेवटच्या फोटोआधी तात्यांनी स्वतःची वीत घालून गाठ मारून दिली होती, आणि बारावा फोटो असा आला की फोटोवाल्यांनी तो काचेत लावायला मागितला. खवला न् खवला मोजावा. कल्हईचा उजेड. उजव्या कडेला हौसाबाईंचा हात, काकणं आणि ताट.

छपाईसाठी फोटोचा ब्लॉक करणारे म्हणाले, "बाई, जागा दोन कॉलमची. हात ठेवला तर जनावर बोटाएवढं दिसेल. हात कापला तर जागाभर."

मी म्हटलं, "कापा."

एका शब्दाला विचार करावा लागत नाही. चित्र मोठं हवं, एवढंच मला शिकवलेलं आहे. पत्रकात मी पत्रावळीचंही लिहिलं होतं, मागल्या पानावर, बारीक टाइपात. पुढच्या पानावर मथळा होता, 'सापसुरळी निर्विष आहे!', आणि खाली भगुण्याच्या तळाशी बसलेली सापसुरळी. पौडच्या बाजारात, पिरंगुटच्या थांब्यावर, सगळीकडे आम्ही ते वाटलं. मागचं पान कोण वाचतो?

आठवड्यानं मी पुन्हा गेले तेव्हा वसतिगृहाच्या फळ्यावर ते पुढचं पान टाचलेलं होतं. खाली चिटणिसांच्या वळणदार अक्षरात: 'स्वयंपाकीणबाईंच्या भगुण्याचे त्यांच्याच हितचिंतकांनी काढलेले छायाचित्र.' एक शब्द खोटा नाही.

चिटणिसांना भेटले. पांढरं धोतर, शांत आवाज. मी पत्रावळीचं सांगितलं, 'तळाशी' म्हणून त्यांचंच वाक्य वाचून दाखवलं.

"पत्रावळीत सापसुरळी होती असं आपलं म्हणणं."

"मी डोळ्यांनी पाहिली."

"छायाचित्र?"

"नाही."

"भगुण्यातलं आहे," ते म्हणाले. "आपणच दिलंत. आभारी आहे."

हौसाबाई अंगणात होत्या. माघातल्या एका लग्नाला रांधायला त्यांना बोलावणं होतं. चित्र बघून त्या घरानं नको म्हणून निरोप धाडला होता. मी पत्रक त्यांच्या हातात दिलं. वाचता येत नव्हतं, चित्र बघता येत होतं. उजव्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, कागद संपतो तिथपर्यंत.

"हितं माजा हात व्हता," त्या म्हणाल्या. "कुटं गेला?"

रागावल्या नाहीत. जेवून जा म्हणाल्या. पातेल्यावर ताट, ताटावर वरवंटा.

तेव्हा पहिला अन्याय समितीचा, दुसरा माझा, आणि दुसरा जास्त प्रती काढून केलेला. ह्यावर नवं पत्रक काढू, असं अध्यक्ष म्हणतात. नवं पत्रक ज्यांच्याकडे जाईल त्यांच्याकडे जाईल. जुनं तुमच्या घरात आहे. कोनाड्यात असेल, फडताळात कागद अंथरला असेल, पुडी बांधायला ठेवलं असेल. उठा आणि काढा. दौत घ्या, टाक घ्या. चित्राच्या उजव्या कडेला, जिथे ते कापलेलं आहे तिथे, तुमच्या हातानं लिहा: 'इथे हौसाबाईंचा हात आहे. हातात झाकण आहे. सापसुरळी आम्ही सोडली होती. भगुणं रिकामं होतं.' मग ज्याला ज्याला ते चित्र तुम्ही दाखवलंत, त्याच्या दारी जा आणि पुन्हा दाखवा. माघ लागायच्या आत.